नाओमी की हन्ना? दोन्ही नावं रोज कानावर असलेल्या बापाचं मत

माझ्या मावसभावाला तीन आठवड्यांपूर्वी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण अक्कलकोटला माहेरी आहेत, दोघी ठणठणीत आहेत, फक्त नाव अडलंय. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन, "दादा, यादी करून करून दोनच नावं राहिलीत, नाओमी आणि हन्ना, आता तूच सांग की." मी फोनवर जे सांगितलं ते घाईत सांगितलं आणि नंतर झोप लागेना, म्हटलं हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण आपल्या ख्रिस्ती मंडळीत दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी याच दोन नावांपाशी येऊन अडकतं हे मी बघितलंय.

माझा अधिकार एवढाच की दोन्ही नावं आमच्या घरात आहेत. आक्काची मुलगी नाओमी, आता नऊ वर्षांची. माझी हन्ना, सहा पूर्ण. आक्का जुळे सोलापूरला राहते, आम्ही अशोक चौकाच्या पुढं पूर्व भागात, पण शनिवार-रविवार आणि अख्खी मे महिन्याची सुट्टी दोघी एकाच घरात असतात, त्यामुळं दिवसभर दोन्ही नावांनी हाका चालू असतात. दोन्ही नावं मुळात हिब्रू, पण हिब्रू मला येत नाही. जे कळलंय ते चर्चच्या पाळकसाहेबांना विचारून विचारून आणि सहा वर्षांपूर्वी बायको बाळंतपणाला गेली होती तेव्हा रात्री जागून वाचून कळलंय.

आधी बाकीची नावं का गळाली ते पटकन सांगतो. सोलापुरात नाव ठेवायचं म्हणजे ते चार भाषांत ऐकून बघावं लागतं. आमच्या गल्लीत समोर तेलुगू, डाव्या हाताला कानडी, मागच्या बोळात उर्दू आणि मधे आपण मराठी. बायकोला सारा फार आवडायचं, अर्थ राजकन्या, अब्राहामाची बायको, म्हणायला सोपं. समोरच्या पेद्दम्मांना हौसेनं सांगायला गेलो तर त्या गप्पच झाल्या, मग हळूच म्हणाल्या, आमच्यात सारा म्हणजे गावठी दारू. आणि ती साधीसुधी आठवण नाही, १९९२ च्या सुमारास नेल्लोर जिल्ह्यातल्या बायकांनी या साराच्या विरोधात एवढं मोठं आंदोलन केलं होतं की सरकारला बंदी आणावी लागली. ज्या शेजारणीच्या मांडीवर पोर वाढणार तिला दर हाकेला ते आठवायला लावायचं नाही असं आम्ही ठरवलं. पुण्यामुंबईत राहत असाल तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही, तिथं सारा खुशाल ठेवा.

शिरा हे पण हिब्रू नाव आहे, अर्थ गाणं किंवा कविता, इतका सुंदर अर्थ आणि मराठीत ऐकलं की कढईतला रवाच दिसतो. दबोरा म्हणजे मधमाशी, इस्राएलात न्यायनिवाडा करणारी बाई, नाव भारदस्त आहे पण तीन वर्षांच्या पोरीला जड वाटलं. अनाया हल्ली खूप चालतंय आणि नावांच्या प्रत्येक यादीत 'हिब्रू, मुलीचं नाव' म्हणून येतं, पण पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा नियमशास्त्र वाचायला उभा राहतो तेव्हा त्याच्या शेजारी जे पुरुष उभे असतात त्यातला एक हा अनाया आहे. अर्थ चांगला आहे, परमेश्वरानं उत्तर दिलं. ठेवायला हरकत काहीच नाही, फक्त शास्त्रातली बाई म्हणून ठेवू नका.

राहिल्या दोघी.

नाओमी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मूळ हिब्रू शब्द नोअम, म्हणजे गोडवा, प्रसन्नपणा, ज्याच्याजवळ बसलं की बरं वाटतं तसं काहीतरी. शेवटच्या ईकारामुळं काही जण 'माझा गोडवा' असाही अर्थ लावतात. मागच्या बोळातल्या चाचांना आक्काच्या पोरीचं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, अरे ये तो हमारे नईमा जैसा है. मला तेव्हा वाटलं नुसता ऐकण्यातला सारखेपणा असेल, पण नाही, अरबी आणि हिब्रू या सख्ख्या बहिणींसारख्या भाषा आहेत आणि नईम, नईमा, नेमत हे सगळे शब्द त्याच धातूतले आहेत. म्हणजे हे नाव आपल्या गल्लीत आधीपासून दुसऱ्या घरात नांदतच होतं.

आणि तिची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, रूथच्या पुस्तकातली सासू. पण सोलापुरात बसून ती गोष्ट वाचली की वेगळीच लागते. बेथलेहेम या शब्दाचा अर्थ भाकरीचं घर. त्या भाकरीच्या घरात दुष्काळ पडतो आणि नाओमीचा नवरा अलीमलेख बायकोपोरांना घेऊन मवाब देशात जगायला जातो. आमचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात सांगोल्याकडून असेच निघून गावात आले होते, खडी फोडून, मग मिळेल तिथं हमाली करून राहिले, त्यामुळं हा अध्याय आमच्या घरात कुणी मोठ्यानं वाचला की आजी पदर तोंडाला लावायची. परदेशात नवरा जातो, मग दोन्ही मुलं जातात, आणि सातूच्या काढणीच्या दिवसांत ती रिकाम्या हातानं परत येते. गावातल्या बायका विचारतात, ही नामीच का? तेव्हा ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मला मारा म्हणा. मारा म्हणजे कडू.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तिचं नाव नामी असंच छापलंय. आणि मराठीत नामी म्हणजे उत्तम, एक नंबर. नामी संधी, नामी युक्ती. शब्द आला फारसीतून, हिब्रूशी त्याचा काही संबंध नाही, पण जुळून मात्र असं आलंय की दोन्ही भाषांत अर्थ चांगलाच निघतो. यावर मी पुढं येतो.

गोष्टीचा शेवट मला सगळ्यात आवडतो. तिच्याबरोबर आलेल्या सुनेला, रूथला, मुलगा होतो, नामी त्याला मांडीवर घेते, आणि नाव कोण ठेवतं तर शेजारणी. आई नाही, बाप नाही, आजी नाही, शेजारणी म्हणतात याचं नाव ओबेद. तोच पुढं दावीद राजाचा आजा. ज्यांनी ती रिकाम्या हातानं आलेली बघितली होती त्याच बायकांनी नाव ठेवलं. आमच्याकडं बारशाला पेद्दम्मा आणि डावीकडच्या कानडी आजी पाळण्याजवळ बसल्या होत्या तेव्हा मला हेच आठवत होतं.

म्हणजे गोष्टीच्या बाबतीत नाओमीचं पारडं जड आहे हे मी मोकळेपणानं मान्य करतो. चार अध्यायांचं छोटं पुस्तक, पण त्यात माणसाला लागतं ते सगळं आहे.

आता हन्ना. धातू ह-न-न, अर्थ कृपा, मेहेरबानी. याच धातूवरून योहान, म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे, आणि त्या योहानाचे पुढं जगभर जॉन, जीन, इव्हान, जेन, जोन असे किती अवतार झाले ते तुम्ही जाणताच. माझ्या वडिलांच्या वडिलांचं नाव योहान. खडी फोडलेले ते हेच. घरात आजोबांचं नाव पुढं चालवायची पद्धत आहे पण मुलीला योहान कसं ठेवणार, आणि हे धातूचं प्रकरण मला कळलं त्या रात्री मी आक्काला बाराला फोन केला होता की अगं हे तर आजोबांचंच नाव आहे. हे कारण माझ्या घरापुरतं आहे, तुमच्या घरात योहान नसेल तर ते बाजूला ठेवा. तरी एक बघा, आपल्या मंडळीत एखादा योहान, जॉन, जॉनी नाही असं घर शोधून काढावं लागेल.

हन्नाचीच ग्रीक आवृत्ती अन्ना, तिच्यापासून ॲन, ॲना, अनिता. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात राहणारी म्हातारी संदेष्ट्री आहे ती अन्ना. मरियेच्या आईचं नाव परंपरेनं हेच सांगतात, आणि चाचा म्हणाले आमच्यातही बीबी मरियमच्या अम्मीचं नाव हन्नाच. म्हणजे ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान अशा तिन्ही घरांत चालणारं नाव आहे. इस्राएलात आजकाल तोंडातून जे निघतं ते खाना असं ऐकू येतं, कारण त्यांचा तो ह घशातून खरवडून येतो. पण जुन्या शास्त्रपाठात न दुहेरी आहे, त्यामुळं आपलं 'हन्ना' हे इंग्रजी 'हॅना'पेक्षा मुळाला जास्त धरून आहे असं पाळकसाहेबांनी मला कागदावर काढून दाखवलं. या गोष्टीचा मला जरा अभिमान वाटतो. आपल्याकडं शास्त्र काही नुसतं इंग्रजीवरून आलेलं नाही, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ ला ते छापून निघालं. आणि कोकणातले बेने इस्राएल ज्यू तर त्याच्याही कितीतरी आधीपासून, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, घरात मराठी बोलत आणि मुलाबाळांना शास्त्रातली नावं ठेवत राहिलेले. तेव्हा हिब्रू नाव मराठी तोंडात कसं बसतं हे बघायला इंग्रजी स्पेलिंगकडं जायची गरज नाही, असं माझं मत.

हन्नाची गोष्ट मूल नसलेल्या बाईची. तिचा नवरा एलकाना, त्याची दुसरी बायको पनिन्ना तिला टोचून टोचून रडवायची. शिलोला मंदिरात ती प्रार्थना करते तेव्हा ओठ हलतात पण आवाज येत नाही, एली याजकाला वाटतं ही दारू प्यालीय. ती त्याला नीट, न चिडता सांगते की मी प्याले नाही, मी माझं मन मोकळं करतेय. पुढं शमुवेल होतो आणि बोलल्याप्रमाणं ती त्याला मंदिरात ठेवते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मला जे वाक्य पकडून बसलं ते दुसऱ्या अध्यायात आहे, की ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून घेऊन जायची. दरवर्षी. म्हणजे पोर डोळ्यांसमोर नाही, किती वाढलंय माहीत नाही, आणि ही घरी बसून अंदाजानं माप धरतेय, मागच्यापेक्षा चार बोटं लांब, खांद्याला दोन बोटं जास्त.

आमच्या गावात धागा, माग, शिलाई मशीन या गोष्टी घराघरांत. माझी आई आयुष्यभर टॉवेलच्या कडा शिवत आली, नगावर पैसे. ती दर नाताळला हन्नाला एक फ्रॉक शिवते. टेप घेत नाही, सुतळीचा तुकडा घेते, पाठीला लावते, गाठ मारते आणि ती सुतळी मशीनच्या खणात टाकते. मागच्या वर्षी खण उघडला तर पाच सुतळ्या, प्रत्येकीची गाठ आधीपेक्षा थोडी पुढं. मी आईला ते वाक्य वाचून दाखवलं तर म्हणाली, मग, आईला माप कळतंच की. नाव ठेवताना हे काही आमच्या डोक्यात नव्हतं.

तर अर्थात डावं-उजवं करण्यासारखं फार नाही. गोडवा आणि कृपा, दोन्ही चांगले. गोष्टीत नाओमी थोडी पुढं, घरच्या नात्यात हन्ना. एवढ्यावर मी खरंतर नाओमीच ठेवणार होतो, म्हणजे आक्काच्या मुलीचं तेच नाव नसतं तर विचार त्याच बाजूला होता, आणि आक्का तर म्हणाली पण होती की काय झालं दोघींचं एक असलं तर, मोठी नाओमी धाकटी नाओमी. मग एक गोष्ट घडली आणि माझ्यापुरता निकाल लागला.

माझी मुलगी झाली त्या दिवशी दवाखान्यात आक्का नाओमीला घेऊन आली होती, तेव्हा ती तीन वर्षांची. नवा फ्रॉक, दोन शेंड्या, हातात बिस्किटचा पुडा. बाहेर बाकड्यावर बसली होती. एक सिस्टर आल्या, गाल धरला, नाव काय गं तुझं बाळा? आणि पोर म्हणाली, "नवमी."

आक्कानं लगेच दुरुस्त केलं, नवमी नाही गं, नाओमी. पोरीनं आईकडं असं बघितलं की हिला काय झालं. तिच्या दृष्टीनं ती नवमीच होती. बालवाडीतल्या बाई नवमी म्हणायच्या, रिक्षावाले काका नवमी म्हणायचे, खालच्या मजल्यावरच्या काकू नवमी म्हणायच्या. दिवसभरात नाओमी म्हणणारी माणसं दोन-तीन आणि नवमी म्हणणारं सगळं गाव. पोरीनं जे जास्त ऐकलं ते घेतलं. त्यात कुणाचीच चूक नाही, सगळे प्रेमानंच हाक मारत होते. पण मी तिथं उभा होतो, आत माझी पाच तासांची मुलगी होती, आणि मला वाटलं की तीन वर्षांच्या लेकराला आपलं नाव आपल्या तोंडात धरून ठेवता येत नसेल तर ते नाव तिला देऊन आपण काय दिलं.

नंतर मी यावर खूप विचार केला की असं का होतं. पाळकसाहेबांना विचारलं तेव्हा उलगडलं. हिब्रूत हे नाव चार अक्षरांचं, नून, अयिन, मेम, योद. ते दुसरं अक्षर अयिन म्हणजे घशाच्या अगदी तळातून येणारा व्यंजनासारखा अडथळा, अरबीतलं ऐन तेच, चाचा नईम म्हणतात तेव्हा मधे जो एक गच्च आवाज येतो तो. तो अयिन दोन स्वरांच्या मधे खांबासारखा उभा असतो. ग्रीकात काय, इंग्रजीत काय, त्या आवाजाला अक्षरच नाही, त्यामुळं नाव तिकडं गेलं तेव्हा तो खांब पडला आणि नुसते दोन स्वर शेजारी शेजारी उरले, तेच पुढं इंग्रजीतून आपल्याकडं नाओमी म्हणून आले. आता मराठीत आ नंतर लगेच ओ असं आपण बोलतो का? बोलून बघा. जीभ आपोआप मधे व घालते, नावोमी, नावमी, आणि एकदा तो व आला की पुढं तयार शब्द उभाच आहे, नवमी. महिन्यात दोनदा येणारी तिथी, त्यात चैत्रात रामनवमी. ऐकणाऱ्याचं डोकं ओळखीचा शब्द पकडतं. ज्यांची जीभ व घालत नाही ती य घालते, मग नायोमी. ज्यांनी इंग्रजी स्पेलिंग बघून वाचलं ते नेओमी.

आणि तोंडात जे होतं तेच कागदावर होतं. आक्कानं मला एकदा पोरीची फाईल दाखवली. जन्मदाखल्यावर नाओमी बरोबर. एका कार्डावर इंग्रजी बरोबर, खाली मराठीत नओमी. लसीच्या पिवळ्या पुस्तकावर नेओमी. शाळेच्या पहिल्या रजिस्टरला नायोमी, ते बदलायला तीन चकरा. आणि एका बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर, रंगभरण स्पर्धेत दुसरी आली होती, ठळक अक्षरात नवमी. पोरीनं ते भिंतीला लावू दिलं नाही. आक्का म्हणते, मी कुठंही फॉर्म भरायला गेले की समोरच्या माणसाला पहिल्यांदा एन, ए, ओ, एम, आय असं म्हणते आणि मग नमस्कार करते.

तुम्हाला हे किरकोळ वाटेल. स्पेलिंगचं काय एवढं, असं मलाही कुणी सांगितलं असतं तर वाटलं असतं. पण आता दिवस बदललेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना शाळाप्रवेश, आधार, लायसन्स अशा सगळ्या ठिकाणी जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो, म्हणजे त्या एका कागदावर जे उमटलं ते आयुष्यभर सोबत. त्यामुळं मी मावसभावाला पहिली गोष्ट ही सांगितली की घाई करू नको. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला पाहिजे, ती दवाखान्याकडून गेलेली असते, पण नाव तेव्हाच द्यायला पाहिजे असं नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणं नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव फुकट टाकता येतं, नंतर लेट फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. बारशाला नाव ठेवा, महिना दोन महिने घरात वापरा, चार लोकांच्या तोंडून ऐका, मग कागदावर घाला. आणि घालताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरात लिहून द्या, सही करायच्या आधी स्क्रीनवर दोन्ही वाचा.

आता हन्नाच्या बाजूनं पण तक्रारी आहेत, त्या लपवत नाही. इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारे होतं, शेवटी एच घ्यायचा की नाही, एन एक की दोन. आम्ही एच ए एन एन ए एच घेतलं, उलटं वाचलं तरी तेच, पोरीला याचं इतकं कौतुक आहे की पाटीवर दोन्ही बाजूंनी लिहून दाखवते. शाळेत नवीन बाई आल्या की पहिला आठवडा हॅना म्हणतात. फोनवर हिना ऐकू जातं, एकदा केकवर हिना लिहून आलं होतं, तो केक आम्ही तसाच कापला. आणि पेद्दम्मांच्या घरात सुरुवातीला मोठी गंमत, त्यांच्यात अन्ना म्हणजे थोरला भाऊ, आमच्या पूर्व भागात तर दर दुसरा माणूस अन्ना, त्यामुळं ह जरा हलका पडला की आमच्या पोरीला मोठा भाऊ म्हटल्यासारखं व्हायचं. पेद्दम्मांनीच त्यावर उपाय काढला, त्या ह वर मुद्दाम जोर देतात, लांबून ऐकलं तर खोकल्यासारखा येतो, आणि पोर त्या आवाजाला बरोबर ओळखते. डावीकडच्या कानडी आजी मात्र हन्ना म्हणतच नाहीत, त्या हण्णू म्हणतात, कानडीत हण्णू म्हणजे फळ. मला ते नावापेक्षा पण आवडतं.

एका मावशींनी आक्षेप घेतला होता की अरे ज्या बाईला मूल होत नव्हतं तिचं नाव पोरीला कशाला. मी त्यांना म्हटलं, मावशी, नामीचा तर नवरा आणि दोन मुलं गेली, तिथं काय म्हणाल? शास्त्रातली बिनदुःखाची बाई शोधायला गेलो तर पोर बिनानावाचीच राहील. त्या हसल्या, पण मला माहीत आहे की काही घरांत हा मुद्दा जड पडतो, सुनेला मूल व्हायला वेळ लागलेला असला तर जास्तच. तुमच्या घरात तसं असेल तर घरातल्या बायकांना आधी विचारा, त्यांचं मन मोडून नाव ठेवण्यात अर्थ नाही.

तरीही माझ्या दृष्टीनं फरक हा आहे, की हॅना म्हटलं, हाना म्हटलं, हण्णू म्हटलं, तरी पोरीला स्वतःला ती कोण हे पक्कं माहीत आहे. तीन वर्षांची होती तेव्हा बसमध्ये एका बाईंनी विचारलं, नाव काय, तर म्हणाली हन्ना. बाई म्हणाल्या, हिना? पोर म्हणाली, हन्-ना. मधे थांबून, दोन तुकडे करून. तो दुहेरी न आहे ना, तो धरायला कडी आहे, लहान पोराच्या जिभेला पकडता येतो. नाओमीत पकडायला काही नाही, सगळे स्वर, वाऱ्यासारखं निसटतं. हे काही मोजमाप नाही, दोनच पोरींवरून सांगतोय, तुमच्या ओळखीत एखादी नाओमी असेल जिला आयुष्यात कधी त्रास झाला नाही, आणि मी तिच्या आईबापांशी वाद घालणार नाही.

नाओमीच हवं असेल तर एक मार्ग आहे, आणि तो मी आक्काला उशिरा सांगितला याचं वाईट वाटतं. सरळ नामी ठेवा. मराठी पवित्र शास्त्रात आहे तसं, दोन अक्षरं, ओकाराची भानगडच नाही, इंग्रजीत एन ए एम आय. कुणाला व घालावा लागत नाही, कुणाला नवमी ऐकू येत नाही, आणि मराठी माणसाला ऐकताक्षणी अर्थ चांगला वाटतो. लोक का ठेवत नाहीत तर एक म्हणजे नामी गुंड असंही म्हणतात, आणि दुसरं म्हणजे इंग्रजी नाओमीपुढं ते गावठी वाटतं. पहिलं मला पटत नाही, नामी वकील, नामी डॉक्टर पण म्हणतातच की. दुसऱ्यावर बोललो तर लांबेल. खरं सांगतो, सहा वर्षांपूर्वी हे सुचलं असतं तर हन्नासमोर नामी ठेवून निवडणं मला जड गेलं असतं. नाओमी आणि हन्ना असा प्रश्न असेल तर मात्र मी पुन्हा हन्नाच ठेवेन.

नाओमी आता नऊ वर्षांची आहे. स्वतःचं नाव ती स्वच्छ म्हणते, ना आणि ओ मधे छोटासा श्वास घेते, तिचं तिनंच शोधून काढलंय ते, कुणी शिकवलं नाही. मला ते ऐकलं की त्या पडलेल्या अयिनची आठवण येते, जणू पोरीनं तो खांब परत उभा केला. पण अजून गल्लीत कुणी "ए नवमी" म्हटलं तरी ती मागं वळते, आणि दुरुस्त करत नाही.

काल मावसभावाच्या बायकोचा अक्कलकोटहून फोन आला. म्हणाली, दादा, हे म्हणतात हन्ना, मला अजून नाओमीच आवडतंय, काय करू? मी म्हटलं, संध्याकाळी गच्चीवर जा, दोन्ही नावांनी एकदा जोरात हाक मार, आणि खाली अंगणात तुझ्या आजी भाकरी थापत बसतात ना, त्यांना विचार काय ऐकू आलं. नामी पण एकदा मारून बघ.